मोसंबी-लिंबाच्या रोपातला डिंक्या लागवडीआधीच कसा ओळखायचा

जूनचा पहिला पाऊस झाला की आपल्याकडे जामनेर, पाचोरा, भडगाव, चाळीसगावच्या पट्ट्यात मोसंबी-लिंबाची रोपं भरलेले टेम्पो फिरायला लागतात. रोप हिरवंगार, पिशवी ओलीचिंब, दर परवडणारा, आणि विकणारा म्हणतो, "काही होत नही भो, ली जा." नवा शेतकरी पान पाहतो, उंची पाहतो आणि रोपं उतरवून घेतो. डिंक्याची, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाची, सुरुवात मात्र पानावर होत नाही. तो बुंध्याशी आणि मुळीवर बसतो, आणि पानावर दिसायला लागेपर्यंत रोप हातातून गेलेलं असतं.

माझी मोसंबी गिरणेच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत आहे. या रोगाशी झगडत, कृषी विज्ञान केंद्राच्या फेऱ्या मारत जे शिकायला मिळालं, ते इथे क्रमाने मांडतो. बाग पहिल्यांदाच लावणार असाल तर रोपं ठरवायच्या आधी हे वाचा. लागवड झाली असेल तर पायरी ३ पासून पुढचं तुमच्या कामाचं आहे.

आधी रोग समजून घ्या

डिंक्या, पायकूज आणि मूळकूज या तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा एकच गट असतो, फायटोफ्थोरा. आपण तिला बुरशी म्हणतो आणि पुढेही तसंच म्हणू. पण शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, ती काही शेवाळांच्या जवळची आहे. शेतकऱ्याला याच्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. देणंघेणं औषधाशी आहे. कार्बेन्डाझिमसारखी जी बुरशीनाशकं आपण सर्रास वापरतो, ती हिच्यावर चालत नाहीत. दुकानातून तीच पुडी आणून दोन-दोनदा आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) करणारे कितीतरी जण पाहिलेत. पैसे जातात आणि मधले मोलाचे आठवडेही जातात.

दुसरी गोष्ट पाण्याची. हिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. जमीन भरून पाणी साचलं की ते मुळीकडे आणि सालीवरच्या जखमेकडे सरकतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर हा हिचा हंगाम. हवा कोरडी पडली की ती जाड कवचाचे बीजाणू करून मातीत वर्षानुवर्षं पडून राहते. एकदा शेतात शिरली की ती तिथलीच झाली असं समजा. शेतात शिरायचा तिचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे रोपाच्या पिशवीतली माती.

सोबत काय ठेवायचं

- डोळे बांधायचा चाकू किंवा धारदार छोटी सुरी
- स्पिरिट आणि कापूस (प्रत्येक रोपानंतर पातं पुसायला)
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- बादलीभर स्वच्छ पाणी
- जुनी वर्तमानपत्रं, पॉलिथिनच्या पिशव्या, मार्कर पेन
- फोटोसाठी मोबाईल

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाची पक्की पावती. तिच्यावर रोपवाटिकेचा परवाना क्रमांक, जात, खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचं रोप), रोपांची संख्या आणि तारीख असलीच पाहिजे. फळझाडांची रोपं विकण्यासाठी आपल्या राज्यात १९६९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, त्यामुळे क्रमांक मागताना संकोच करू नका. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अर्ज करणार असाल तर सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकही लागेल. या योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते झाडं जगण्याच्या टक्केवारीवर अवलंबून असतात. रोगट रोपं घेतली तर पहिला हप्ता हातात येईल आणि पुढचे अडकतील.

१. रोपाच्या आधी रोपवाटिका बघा

रस्त्यावरच्या टेम्पोतून रोपं घेऊ नका. रोपवाटिकेत स्वतः जा, आणि शक्यतो आदल्या पावसाळ्यात एकदा चक्कर मारा. पाऊस पडून गेल्यावर पिशव्यांच्या ओळींत पाणी साचतं का, ते बघा. पिशव्या थेट जमिनीवर, चिखलात टेकलेल्या असतील तर खालच्या भोकांतून मुळ्या जमिनीत उतरतात आणि रोग वर चढायला वाट मिळते. खडी पसरून किंवा उंच गादीवाफ्यावर पिशव्या मांडलेल्या असतील तर मालकाला या रोगाची जाण आहे.

पिशवीतली माती कुठून येते, हे विचारा. जुन्या मोसंबीच्या बागेतली माती भरत असतील तर तिथून परत फिरा. एप्रिल-मे मध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती चार ते सहा आठवडे तापवतात. आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन या कामाला सोन्यासारखं आहे, तरी ते करणारे मोजकेच. जो करतो तो आपणहून, अभिमानाने सांगतो.

खुंट कोणता, हेही विचारून घ्या. मोसंबीचं कलम आपल्याकडे मुख्यतः रंगपूर लिंबू किंवा जंबेरीवर बांधतात. जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते, रंगपूर त्या मानाने तग धरतं. भारी काळ्या जमिनीत मी रंगपूरच मागेन. कागदी लिंबू मात्र बहुधा बियांपासूनच तयार करतात. तिथे खुंटाचा प्रश्न येत नाही, पण बुंधा आणि मुळीची तपासणी तशीच करायची.

२. बुंध्याशी बसून बघा

उभ्याने रोप बघून काही कळत नाही. उकिडवे बसा, पिशवीच्या तोंडावरचा मातीचा थर दोन बोटं बाजूला करा आणि माती-खोडाचा सांधा उघडा करा. डिंक्याची पहिली खूण इथेच मिळते.

काय शोधायचं: सालीचा एखादा पट्टा बाकीच्या सालीपेक्षा काळपट आणि पाणी मुरल्यासारखा दिसतो. बोटाने दाबला तर किंचित दबतो. पुढच्या टप्प्यात तिथे उभी बारीक चीर पडते आणि चिरेतून पिवळट-तांबूस डिंकाचे थेंब येतात. त्याहून पुढे साल वाळते, आक्रसते आणि तिचे उभे तुकडे सुटायला लागतात.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे अडकतात. लिंबूवर्गीय झाडांचा डिंक पाण्यात विरघळतो. जोराचा पाऊस पडला किंवा रोपवाल्याने तुम्ही यायच्या आधी झारीने रोपं धुऊन काढली, तर डिंक शिल्लकच राहत नाही. डिंक दिसला नाही म्हणजे रोग नाही, असं समजू नका. पावसाने उघडीप दिल्यावर, सकाळी पाणी द्यायच्या आधी गेलात तर खरं चित्र दिसतं. एरवी चिरा आणि काळपट साल यांच्यावरच भिस्त ठेवा.

त्याच बैठकीत डोळा, म्हणजे खुंटावरचा कलमाचा सांधा, किती उंचीवर बांधलाय ते मोजा. मातीपासून २० ते २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर तरी हवा. मोसंबीचं खोड या रोगाला खुंटापेक्षा हळवं असतं. डोळा चार बोटांवर बांधला असेल तर पावसाचे मातीमिश्रित शिंतोडे थेट मोसंबीच्या सालीवर बसणार. अशी रोपं निरोगी दिसली तरी मी घेत नाही.

३. साल खरवडून खात्री करा

संशय आला तर चाकू स्पिरिटने पुसा आणि काळपट पट्ट्याच्या कडेला साल हलकेच खरवडा. निरोगी सालीखाली हिरवट-पांढरा, ओलसर थर दिसतो. रोगट सालीखाली तो तपकिरी झालेला असतो, आणि कुजका आंबूस वास येतो. चाकू हळूहळू निरोगी भागाकडे न्या. तपकिरी कुठे संपतं आणि हिरवट कुठे सुरू होतं, ती सीमा ठळक दिसते. ही रेषा नीट बघून ठेवा, नमुना पाठवताना हीच लागणार आहे.

आता सालीखालचं लाकूड पाहा. डिंक्यात रोग मुख्यतः सालीत राहतो, लाकडात खोलवर डाग जात नाही. लाकूडच करडं-तपकिरी झालंय आणि डिंक नाही, तर ती कोरडी मूळकूज असण्याची शक्यता जास्त. तिच्यामागे फ्युजारियमची बुरशी असते आणि तिचे उपाय वेगळे.

तपकिरी पट्टा खोडाभोवती किती फिरलाय ते बघा. पूर्ण वेढा पडला की वरून तयार होणारं अन्न मुळीपर्यंत पोचत नाही आणि रोप उपाशी मरतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खोडाला वेढा पडायला फार काळ लागत नाही. म्हणून मोठ्या झाडाला जो वेळ मिळतो तो रोपाला मिळत नाही.

४. एक रोप फोडा आणि मुळी बघा

माझ्या मते सगळ्यात खरी तपासणी हीच, आणि लोक टाळतात तीही हीच. सहा बाय सहा मीटरवर एकरी १११ रोपं लागतात. त्यात दोन-तीन रोपं जास्तीची विकत घ्या आणि ती मारायचीच आहेत असं धरून चला. रोपवाला नाराज होईल, पण तुम्ही पैसे मोजलेत.

ओळीच्या टोकाचं चांगलं रोप निवडू नका, तो जे पुढे करेल ते तर नाहीच. जिथे पाणी साचतं त्या सखल कोपऱ्यातलं एक, मधलं एक अशी घ्या. पिशवी चिरा, मातीचा गोळा बादलीत बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. नळाखाली धरून खसाखस धुऊ नका. बारीक मुळ्या तुटतात आणि जे पाहायचं तेच वाहून जातं.

धुतलेली मुळी पांढऱ्या कागदावर पसरा. निरोगी रोपाला पांढऱ्या-पिवळसर तंतुमुळ्यांचं दाट जाळं असतं, टोकं टवटवीत असतात. रोगट रोपात हे जाळं विरळ दिसतं आणि मुळ्या तपकिरी, लिबलिबीत असतात. आता एक बारीक मुळी अंगठा आणि तर्जनीच्या नखात धरून हळूच ओढा. वायरीचं आवरण ओढलं की आतली तार उरते, तशी मुळीची साल सुटून हातात येते आणि आतला पांढरा दोरा तेवढा शिल्लक राहतो. ही या रोगाच्या मूळकुजीची फार जुनी आणि भरवशाची खूण आहे. भिंगातून पाहिलंत तर त्या दोऱ्यावर सालीचे तुकडे चिकटलेले दिसतात.

दोन्ही-तिन्ही रोपांत हे आढळलं तर ती अख्खी रास नाकारा. एकात आढळलं, एकात नाही, तरी माझा सल्ला तोच. एकाच मातीत भरलेल्या, एकाच पाण्यावर वाढलेल्या पिशव्या आहेत त्या.

५. दुसऱ्या कुठल्या रोगाशी गल्लत तर होत नाही ना

डिंक दिसला की डिंक्या, असं सरसकट नसतं. खुरप्याची जखम, उन्हाने भाजलेली साल, मोडलेली फांदी यांतूनही डिंक येतो. अशा वेळी डिंकाखालची साल आजूबाजूला निरोगी असते आणि जखम स्पष्ट ओळखू येते. साल खाणाऱ्या अळीच्या जागी विष्ठा आणि भुसा मिसळलेली जाळी लोंबते. अळी रोपांपेक्षा जुन्या झाडांवर जास्त.

फांद्यांवर, जमिनीपासून बरंच वर डिंक आणि खाली लाकडात काळे-तपकिरी पट्टे, असं असेल तर लॅसिओडिप्लोडिया नावाची दुसरी बुरशी असू शकते. ताण बसलेल्या, वरून वाळत येणाऱ्या फांदीवर ती आढळते.

खैऱ्या तर अगदीच निराळा. पानावर, कोवळ्या काडीवर, फळावर उंचवट्याचे खरखरीत ठिपके आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळं वलय. तो जिवाणूचा रोग आहे आणि कागदी लिंबावर फार. काही दुकानदार त्याला कँकर म्हणतात आणि खोडावरच्या डिंक्यालाही तेच नाव देऊन एकच औषध हातात ठेवतात. ठिपके पानावर आहेत की चट्टा बुंध्यावर, एवढं सांगितलंत तरी निम्मा घोळ मिटतो.

पानांच्या पिवळेपणाचं थोडं नीट बघा, कारण फसगत इथे होते. डिंक्यात किंवा मूळकुजीत मधली शीर आणि तिच्या आजूबाजूचा भाग आधी पिवळा पडतो, मग पान गळतं. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची आहे. पानं बारीक, शिरांच्या मधे पिवळे चट्टे, तर जस्त कमी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र. यातलं काहीही असलं तरी बुंधा आणि मुळी बघितल्याशिवाय खताची गोणी फोडू नका. मुळीच कुजलेली असेल तर खत घेणार कोण?

६. नमुना तपासायला कसा न्यायचा

जळगाव जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल, धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या आवारात, नंदुरबारला कोळदा इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. खान्देश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूरला केंद्रीय संशोधन संस्था आहे. जवळच्या केंद्रात आधी फोन करून वनस्पती रोगशास्त्राचे तज्ज्ञ कधी भेटतील ते विचारा.

पूर्ण मेलेलं, वाळलेलं रोप नेऊ नका. त्यावर कुजवणाऱ्या इतर बुरशी चढलेल्या असतात आणि मूळ कारण सापडत नाही. रोग चालू असलेलं, अजून जिवंत असलेलं रोप न्या. पायरी ३ मधली तपकिरी-हिरवी सीमा असलेला सालीचा तुकडा न खरवडता खोडावरच राहू द्या.

मुळ्या ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळा. पाणी ठिबकत असेल इतक्या ओल्या नकोत, प्लास्टिकमध्ये त्या दोन दिवसांत सडतात. माती वेगळी, बुंध्याजवळून १० ते १५ सेंटीमीटर खोलीवरची, मुळ्यांसकट, स्वतंत्र पिशवीत. पिशवीवर गाव, जात, खुंट, रोपवाटिका, नमुना काढल्याची तारीख आणि आधी कोणतं औषध टाकलं ते लिहा. औषध टाकून लगेच नमुना काढला तर रोगकारक असूनही तपासणीत सापडणार नाही, म्हणून आधी नमुना, मग आळवणी. नमुना गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाठवायच्या ऐवजी सोमवारी सकाळी स्वतः नेऊन द्या.

प्रयोगशाळेत बहुधा पानांचं आमिष लावून बघतात. माती पाण्यात कालवून वर लिंबूवर्गीय पानांचे तुकडे तरंगत ठेवतात, दोन-तीन दिवसांनी पानाच्या कडेवर फायटोफ्थोराची बीजाणूधानी (बीजाणूंची पिशवी) आली का हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. निकालाला थोडे दिवस लागतात, तोवर ती रोपं बाकीच्यांपासून लांब, उतारावर खालच्या अंगाला ठेवा.

७. रोग निघाला तर

लागवडीआधी निघाला तर रोपं परत करा. पावती, फोटो आणि तपासणीचा निकाल हातात असला की बोलणं सोपं जातं. परत घेत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

लागवडीनंतर एक-दोन रोपांत निघाला तर मी उपचाराच्या भानगडीत पडत नाही. रोप मातीच्या गोळ्यासकट काढा, जाळा, उकिरड्यावर टाकू नका. खड्डा उन्हात उघडा ठेवा आणि त्या हंगामात तिथे पुन्हा रोप लावू नका.

खोड अंगठ्याएवढं झालं असेल आणि वेढा अर्ध्यापेक्षा कमी असेल तर वाचवायचा प्रयत्न करता येतो. रोगट साल कडेच्या थोड्या निरोगी भागासकट खरवडून काढा, ती सगळी गोळा करून जाळा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. मुळाशी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबच्या मिश्रणाची (लीटरला २.७५ ग्रॅम) आळवणी किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम (लीटरला २.५ ग्रॅम) ही औषधं या रोगासाठी शिफारशीत आहेत. घेण्याआधी डब्यावरची माहिती वाचा आणि तज्ज्ञाला विचारा. मेटॅलॅक्झिल पुन्हा पुन्हा वापरलं तर रोग त्याला सरावतो, म्हणून आलटून-पालटून वापरा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) टाकणार असाल तर रासायनिक आळवणीच्या सोबत टाकू नका, मधे अंतर ठेवा.

बोर्डो पेस्टचं प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लीटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत पाच-पाच लीटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. लोखंडी भांडं नको. तयार पेस्टमध्ये विळ्याचं पातं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुन्याचं पाणी आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. गेरू-चुना लावून खोड छान दिसतं, पण बोर्डोचं काम तो करत नाही.

८. निरोगी रोप निरोगी ठेवायचं तर

रोप पिशवीत होतं त्याच खोलीवर लावा, जास्त खोल नाही. डोळ्याचा सांधा मातीच्या बराच वर राहिला पाहिजे, आणि नंतर भर लावताना तो झाकला जाणार नाही हे बघा. मजूर चांगल्या मनाने भर लावतात आणि डोळा गाडून टाकतात, म्हणून त्या दिवशी स्वतः शेतात हजर राहा. भारी जमिनीत उंच वरंब्यावर लागवड करा, पावसाचं पाणी बाहेर काढायला चर आधी खोदा.

पाणी खोडाला लागू द्यायचं नाही. आळं करत असाल तर दुहेरी: खोडाजवळचं आतलं आळं कोरडं, बाहेरच्या आळ्यात पाणी. ठिबक असेल तर रोप रुजल्यावर तोट्या खोडापासून लांब सरकवा. खुरपणी करताना बुंध्याजवळ खुरपं नको, तिथलं गवत हाताने उपटा. पपई काढलेल्या शेतात मोसंबी लावायचा बेत असेल तर आधी माती तपासा, पपईचा बुंधा कुजवणाऱ्यांतही याच गटातल्या बुरशी असतात.

बोर्डो पेस्ट मे अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, दर वर्षी. रोपाला डोळ्याच्या वरपर्यंत, झाड मोठं झालं की जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. पहिले दोन पावसाळे दर आठवड्याला एक फेरी मारा, सखल भागापासून सुरुवात करा, आणि प्रत्येक फेरीत पाच-सहा रोपांच्या बुंध्याची माती दोन बोटं बाजूला करून बघा.